४२ मिनिटे कुठे गेली : पावसातल्या एका ट्रायथलॉनचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा महिन्यांची तयारी करून तुम्ही अर्ध-अंतराच्या ट्रायथलॉनला उतरलात, म्हणजे १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. लक्ष्य ५ तास ४५ मिनिटांचे होते. पोहणे निम्मे झाले असतानाच पाऊस सुरू झाला, तापमान १३ अंशांवर आले, सायकलच्या पहिल्याच फेरीत तुमच्या डोळ्यांसमोर दोघे जण गोल चौकात आडवे झाले आणि तिथून पुढे तुम्ही हात आखडता घेतलात. शर्यत पूर्ण झाली, पण ६ तास २७ मिनिटांत. ही ४२ मिनिटे आपल्या घाबरटपणामुळे गेली का, पुढच्या वेळी जास्त धाडस करायला हवे का आणि पावसासाठी वेगळी तयारी असते का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

अनेक वर्षे हौशी खेळाडूंना प्रशिक्षण देत असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वेगवेगळ्या रूपांत येत असतो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याने स्वतःवर ठेवलेला ठपका चुकीच्या जागी असतो. तुमच्या बाबतीतही तसेच झाले आहे. उतारावर आणि वळणांवर तुम्ही वेग कमी केलात ते योग्यच होते, आणि तुम्ही पाठवलेल्या नोंदी नीट पाहिल्या तर त्यापायी गेलेला वेळ फार थोडा आहे. मोठा वेळ गेला तो इतर ठिकाणी, जिथे धोका नव्हता तिथेही भीतीने तुमच्या हातापायांचा ताबा घेतला म्हणून. आणि सायकलच्या शेवटच्या १५ किलोमीटरमध्ये, जिथे खरोखर थांबायला हवे होते, तिथे मात्र तुम्ही थांबला नाहीत. या तिन्ही गोष्टी सुट्या करून पाहिल्याशिवाय ‘धाडस वाढवू का’ या प्रश्नाला अर्थ नाही.

आधी आकडे मांडू. पोहण्यात ४० मिनिटांऐवजी ४२, पहिल्या ट्रान्झिशनमध्ये (एक प्रकार संपवून पुढच्यासाठी कपडे आणि साधने बदलण्याच्या टप्प्यात) ३ ऐवजी ७, सायकलला ३ तासांऐवजी ३ तास १९ मिनिटे, दुसऱ्या ट्रान्झिशनमध्ये २ ऐवजी ५ आणि धावायला २ तासांऐवजी २ तास १४ मिनिटे. म्हणजे ४२ पैकी १९ मिनिटे सायकलवर गेली आणि उरलेली २३ मिनिटे अशा जागी गेली, जिथे घसरून पडण्याचा प्रश्नच नव्हता. एवढ्यावरूनच ‘मी उतारावर घाबरलो म्हणून शर्यत गेली’ हे तुमचे निदान डळमळीत होते.

आता ती १९ मिनिटे. तुमच्या मार्गावर ४५ किलोमीटरच्या दोन फेऱ्या होत्या आणि प्रत्येक फेरीत साधारण १६ तीव्र वळणे किंवा गोल चौक होते. ओल्या रस्त्यावर सावधपणे घेतलेल्या एका वळणाला, आधीचे ब्रेक आणि नंतरचा वेग पुन्हा धरणे मिळून, पाचएक सेकंद जास्त लागतात असे धरले, तर ३२ वळणांना २ मिनिटे ४० सेकंद होतात. प्रत्येक फेरीत ३ किलोमीटरचा एक उतार होता. तो कोरड्या दिवशी तुम्ही ताशी ४८ किलोमीटरने उतरला असता, त्या दिवशी ३० ने उतरलात. पावणेचार मिनिटांच्या जागी सहा मिनिटे लागली, म्हणजे दोन फेऱ्यांत साडेचार मिनिटे. वळणे आणि उतार मिळून सगळा खर्च सात मिनिटांच्या आसपास येतो. ज्या सावधपणाची तुम्हाला लाज वाटते आहे, त्याची पूर्ण किंमत एवढीच.

त्या सात मिनिटांत तुम्ही काय मिळवलेत तेही पाहण्यासारखे आहे. कोरड्या, सपाट रस्त्यावर सायकल थांबवण्याची मर्यादा सहसा टायरची पकड ठरवत नाही. मागचे चाक उचलले जाऊन स्वार पुढे फेकला जाण्याची शक्यता ती ठरवते, आणि चांगला स्वार गुरुत्वीय त्वरणाच्या साधारण निम्म्या दराने वेग उतरवू शकतो. ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत हा दर निम्मा झाला असे धरू. ताशी ४८ किलोमीटरवर एक सेकंद प्रतिक्रियेचा धरला, तर पूर्ण थांबायला ५० मीटरच्या आसपास अंतर लागते. ताशी ३० वर तेच अंतर २२ ते २३ मीटर होते. उतारावर गुरुत्वाकर्षण उलट बाजूने ओढत असल्यामुळे दोन्ही आकडे आणखी वाढतात. समोर पडलेला सायकलस्वार, रस्ता ओलांडणारा प्रेक्षक किंवा वळणावर साचलेले पाणी दिसल्यापासून तुमच्या हाती किती रस्ता उरतो, याचा हा हिशेब आहे.

वळणाचे गणितही असेच आहे. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर घर्षणांक ०.७ धरला, तर चाकाची पकड सुटून घसरण्याची सीमा ताशी ४२ किलोमीटरच्या आसपास येते. घर्षणांक निम्मा झाला की ती ३० वर येते. पांढऱ्या-पिवळ्या रंगाच्या पट्ट्यावर, लोखंडी झाकणावर किंवा पुलाच्या धातूच्या जोडावर घर्षणांक निम्म्याहूनही बराच खाली जातो. गोल चौकात तुमच्यासमोर जे दोघे पडले, ते तुमच्या वर्णनाप्रमाणे पट्ट्यावरून जात असताना, सायकल कललेली असताना आणि ब्रेक दाबलेले असताना पडले. टायरकडे पकडीचा एकच साठा असतो. त्यातूनच वळायचे आणि त्यातूनच थांबायचे असते. दोन्ही कामे एकदम मागितली की पुढचे चाक सुटते, आणि पुढचे चाक सुटले की सावरायला जवळजवळ वेळच मिळत नाही.

जगातले सर्वोत्तम खेळाडूही याला अपवाद नाहीत. टोकियो ऑलिंपिकमधील महिलांची शर्यत २०२१ च्या जुलैमध्ये वादळी हवामानामुळे पंधरा मिनिटे उशिरा सुरू झाली आणि ओल्या रस्त्यावर अनेक जणी पडल्या. त्याच शर्यतीत ब्रिटनच्या जॉर्जिया टेलर-ब्राउनचे टायर सायकलच्या अखेरच्या भागात पंक्चर झाले, तरी तिने रौप्यपदक मिळवले. सुवर्ण बर्म्युडाच्या फ्लोरा डफीकडे गेले. पॅरिसमध्ये ३१ जुलै २०२४ रोजी रात्रीच्या पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यांवर महिलांच्या शर्यतीत पुन्हा तेच दृश्य दिसले. या खेळाडू रोज सायकलवर असतात, मार्ग आधी पाहून ठेवतात, आणि पदकासाठी धोका पत्करणे हा त्यांच्या व्यवसायाचा भाग आहे. तुम्हाला सोमवारी कामावर जायचे होते.

सात मिनिटांनंतर सायकलवरची बारा मिनिटे उरतात. त्यातली दोनेक मिनिटे निव्वळ हवेने घेतली. तुमचा सराव २५ अंशांच्या आसपास झाला होता; १३ अंशांची हवा त्यापेक्षा सुमारे चार टक्के दाट असते आणि तेवढ्याच ताकदीत वेग टक्काभराने कमी होतो. यात तुमच्या हातात काहीच नव्हते. पुढची सहा मिनिटे मात्र मला खटकतात. चौकातली पडझड पाहिल्यानंतर तुम्ही एअरोबार, म्हणजे पुढे वाकून वारा कमी लागावा म्हणून हँडलला लावलेले पुढचे दांडे, जवळपास सोडूनच दिलेत. उतारावर आणि वळणांवर ते सोडायलाच हवेत, कारण तिथे हात ब्रेकपासून दूर असतात आणि पुढच्या चाकावरचा ताबा कमी होतो. पण तुमच्या मार्गावर दोन्ही फेऱ्या मिळून ४० किलोमीटरच्या आसपास सरळ, रुंद, दूरवर दिसणारा आणि आडव्या वाऱ्यापासून बराचसा सुरक्षित रस्ता होता. तिथेही तुम्ही छाती वर काढून, ब्रेकवर दोन बोटे ठेवून बसलात. त्याच ताकदीत वेग ताशी ३० वरून २८ झाला. ४० किलोमीटरला ८० मिनिटांच्या जागी जवळजवळ ८६ मिनिटे लागली. ही सहा मिनिटे देऊन सुरक्षितता काहीच वाढली नाही. उलट तास-दीड तास खांदे आणि मनगटे आवळून धरल्यामुळे सायकल अधिक अस्थिर झाली असणार, कारण ताठ हातांनी धरलेले हँडल रस्त्यावरचा प्रत्येक धक्का थेट पुढच्या चाकाकडे पाठवते. उरलेली चारेक मिनिटे जॅकेट घालायला थांबण्यात, त्याच्या फडफडीत आणि शेवटच्या थकव्यात गेली. सैल रेनकोट हा सायकलवर चांगलाच महागडा कपडा ठरतो; अंगाला घट्ट बसणारा बिनबाह्यांचा वाऱ्याचा कोट छातीला तेवढीच ऊब देतो आणि वारा धरत नाही.

म्हणून ‘धाडस वाढवा’ असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. मार्गाची विभागणी करायला मात्र सांगेन. शर्यतीच्या आदल्या दिवशी शक्य असेल तर गाडीने, नाहीतर नकाशावर संपूर्ण मार्ग पाहा आणि पाऊस आल्यास कुठे वेग उतरवायचा त्या जागा आधीच ठरवा : हा उतार, हे दोन चौक, हा पूल, झाडांखालचा हा पानांनी भरलेला तुकडा. त्या जागांवर घड्याळाकडे बघायचे नाही. उरलेल्या रस्त्यावर नेहमीच्या बैठकीत आणि नेहमीच्या ताकदीने सायकल चालवायची. निर्णय शांत डोक्याने आदल्या दिवशी झालेला असला, की समोर कुणी पडले तरी भीती संपूर्ण मार्गावर पसरत नाही.

तुमच्या पॉवर मीटरच्या (पॅडल मारण्याची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदीत आणखी एक गोष्ट दिसते. ठरवलेली ताकद १८० वॉटची होती. पहिल्या फेरीत तुम्ही तिच्या खाली राहिलात आणि दुसऱ्या फेरीत, वेळ निसटतो आहे हे लक्षात आल्यावर, प्रत्येक वळणानंतर २५० वॉटच्या वर जाऊन भरपाई करू लागलात. सावध वळणानंतरचा असा झटका वेळ फारसा भरून काढत नाही, पायांतला साठा मात्र भराभर रिकामा करतो. वळणातून बाहेर पडताना एक-दोन गिअर हलके घेऊन दहा-पंधरा सेकंदांत हळूहळू ठरलेल्या ताकदीवर येणे हेच दोन्ही दृष्टींनी बरे, कारण ओल्या रस्त्यावर सायकल अजून कललेली असताना जोरात पॅडल मारले तर मागचे चाकही सुटू शकते.

आता धावण्यातली १४ मिनिटे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुम्ही या भागाबद्दल एकाच ओळीत ‘पाय चाललेच नाहीत’ असे लिहून पुढे गेला आहात. सोबत नेलेल्या सहा जेलपैकी (कर्बोदकांच्या दाट पाकाच्या पाकिटांपैकी) दोनच संपले आणि दोन बाटल्यांपैकी एकच रिकामी झाली, असे तुम्हीच लिहिले आहे. दोन जेलमधून सुमारे ५० ग्रॅम आणि एका बाटलीतून ४० ग्रॅम कर्बोदके धरली, तर ३ तास १९ मिनिटांत ९० ग्रॅम, म्हणजे तासाला २७ ग्रॅम पोटात गेली. एवढ्या अंतराच्या शर्यतीत तासाला ६० ते ९० ग्रॅम घेणे रूढ आहे आणि तुम्ही सरावात ६५ घेत होता. शिवाय तुम्ही कुडकुडत होता, आणि कुडकुडणे म्हणजे स्नायूंचेच काम. तेही इंधन त्याच साठ्यातून घेते. १२ व्या किलोमीटरला पायांतला जोर संपला यात नवल नाही. एवढ्या इंधनावर तुम्ही तिथपर्यंत धावलात हेच विशेष.

न खाण्याचे कारणही उघड आहे : ओल्या रस्त्यावर हँडलवरून हात सोडवत नव्हता आणि सुन्न बोटांनी पाकीट फाडता येत नव्हते. त्यातच थंडीत तहान लागत नाही, म्हणून बाटलीची आठवणही होत नाही. यावर उपाय सोपा आहे. पावसाचा अंदाज असेल तर जेल पाकिटात नेऊच नका. सगळे जेल एका बाटलीत पिळून थोड्या पाण्यात कालवा आणि ती बाटली एअरोबारच्या मधे, नळीसह, तोंडाजवळ येईल अशी बसवा. खाण्याच्या जागाही मार्गाच्या विभागणीतच ठरवून टाका. सरळ रस्त्याचा तुकडा सुरू झाला की पहिला घोट. घड्याळाचा गजर पावसात ऐकू येत नाही, रस्ता मात्र दिसतोच.

ट्रान्झिशनमध्ये गेलेली सात मिनिटे मी निम्मी माफ करेन. ओल्या अंगावर कपडे चढत नाहीत आणि १३ अंशांत काहीतरी चढवणे आवश्यकच होते. पण त्याची रंगीत तालीम करता येते. बाह्यांचे उबदार पट्टे ओल्या हातावरून वर सरकत नाहीत, म्हणून ते आधीच गोल कड्यासारखे गुंडाळून ठेवा. मनगटावर कडे घालून ते वर उलगडत न्यायचे, म्हणजे काही सेकंदांत काम होते. हातमोजे एक माप मोठे घ्या, कारण घट्ट मोज्यात ओली बोटे शिरत नाहीत. मोजे, टोपी आणि एक छोटा टॉवेल दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा आणि धावण्याचे बूट उलटे ठेवून वर पिशवी घाला. टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलिन सकाळीच लावा. हे सगळे अंघोळीनंतर, अंग न पुसता, घरी दोन-तीनदा करून पाहा.

पोहण्यातल्या दोन मिनिटांबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. पावसात बोया (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) दिसत नाहीत, काचेवर वाफ धरते, माणूस तिरका पोहतो. डोके थोडे जास्त वेळा वर काढायचे एवढेच. विजांची गोष्ट मात्र वेगळी. वीज आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर पाण्यात कुणीही असू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे जाऊ द्यावीत, हा सर्वमान्य संकेत आहे. आयोजकांनी पोहणे रद्द केले तर कुरकुर करू नका.

आता शेवटच्या १५ किलोमीटरकडे येतो. तुम्ही अभिमानाने लिहिले आहे की बोटे इतकी सुन्न झाली होती की ब्रेकचा दांडा पूर्ण दाबला जात नव्हता, गिअर तळहाताने बदलावे लागत होते, तरी तुम्ही सायकल सोडली नाही. संपूर्ण शर्यतीत धोकादायक निर्णय होता तो हाच. ब्रेक दाबता येत नसेल तर स्वार सायकल चालवायला असमर्थ आहे, मग त्याचे पाय कितीही चालत असोत. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. भिजलेले कपडे, ताशी ३० किलोमीटरचा वारा आणि अपुरे खाणे एकत्र आले की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे आधी जातात. त्यानंतर विचार मंदावतो, आणि शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. तेव्हा आपली अवस्था बिघडली आहे हे ओळखण्याची क्षमताच बिघडलेली असते, त्यामुळे ‘मला अजून ठीक वाटते आहे’ या साक्षीला त्या वेळी फारशी किंमत नसते.

म्हणून भावनेवर न सोपवता चाचणी ठरवून ठेवा. सपाट रस्त्यावर, वेग कमी करून, अंगठ्याचे टोक त्याच हाताच्या करंगळीला लावून पाहा. लागत नसेल तर पुढच्या मदतकेंद्रावर थांबा, हात काखेत धरा, गरम किंवा निदान गोड काहीतरी प्या आणि चाचणी पुन्हा करा. पाच-सात मिनिटांत बोटे परत आली तर पुढे जा. आली नाहीत आणि पुढे उतार असेल तर तिथेच थांबायचे. बोलताना जीभ जड होत असेल, अकारण चिडचिड होत असेल, किंवा अंगात ऊब न येताच कुडकुडणे थांबले असेल, तर स्वयंसेवकाला सांगून वैद्यकीय मदत घ्या. विशेषतः शेवटचे लक्षण बरे वाटण्याचे नसून बिघडल्याचे असते. निकालपत्रकात नावापुढे ‘डीएनएफ’ (शर्यत अपूर्ण) येणे कुणालाच आवडत नाही, पण तुमच्या त्या १५ किलोमीटरमध्ये एकही तीव्र उतार नव्हता म्हणूनच आपण आज मिनिटांबद्दल बोलतो आहोत.

राहिली तयारी. पावसात सराव टाळू नका, पण तो शर्यतीच्या वेगाने रस्त्यावर करू नका. रहदारी नसलेले मोकळे पटांगण घ्या, ताशी १५ पासून सुरुवात करा, एका खुणेपासून ब्रेक दाबायला लागा आणि किती अंतरात थांबता ते पाहा. पुढच्या ब्रेकचा दाब हळूहळू वाढवायचा, बसणे किंचित मागे सरकवायचे आणि सायकल पूर्ण उभी असतानाच हे सगळे उरकायचे. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेवर (रिमवर) दाबणारे ब्रेक, असतील तर पहिल्या क्षणी काहीच होत नाही, कारण ब्रेकचा गट्टू आधी रिमवरचे पाणी पुसतो आणि मग पकड घेतो. कार्बनच्या रिमवर हा उशीर अधिक जाणवतो. त्यामुळे वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यायची सवय लावा. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी, पण ते एकदम जोरात धरतात, आणि ओल्या रस्त्यावर चाक जाम होऊन घसरण्याचा धोका त्यांच्यात असतो. वळताना बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन, नजर वळणाच्या शेवटाकडे, ब्रेक सोडलेले. पट्टा किंवा लोखंडी झाकण टाळता येत नसेल तर त्यावरून सायकल उभी ठेवून, सरळ रेषेत, न ब्रेक लावता न पॅडल मारता जायचे.

पावसाळी टायर म्हणून खोल नक्षीचे टायर घ्यावेत का, असेही तुम्ही विचारले आहे. गरज नाही. मोटारीचे टायर पाण्यावर तरंगतात तसे सायकलचे तरंगत नाहीत. विमानांच्या टायरसाठी वापरले जाणारे सूत्र लावले तर ८० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवेच्या टायरला त्यासाठी ताशी १४५ किलोमीटरच्या वर वेग लागेल. सायकल घसरते ती पाण्याच्या, तेलाच्या आणि धुळीच्या पातळ थराने, आणि त्यावर मऊ रबर, थोडी जास्त रुंदी आणि थोडी कमी हवा हे उपाय चालतात. तुम्ही २५ मिलिमीटरचे टायर नेहमीच्याच दाबाने वापरलेत. सायकलमध्ये बसत असतील तर २८ चे घ्या, आणि त्या दिवशी पाच-दहा पीएसआय कमी ठेवा. बऱ्याच दिवसांनी पडणाऱ्या पावसाचा पहिला अर्धा तास सर्वांत निसरडा असतो, कारण साचलेले तेल तेव्हा वर येते. शर्यतीआधी टायरच्या पृष्ठभागावरच्या चिरा तपासा, कारण ओल्या रबराला खडे आणि काचा लवकर कापतात आणि पावसात पंक्चर वाढतात. काळ्या काचेचा चष्मा घरी ठेवा. पुढचे चाक खोल रिमचे असेल आणि वारा झोंबरा असेल तर साधे चाक लावा. पुढच्या सायकलपासून १२ मीटर हा बऱ्याच लांब शर्यतींतला नियम आहे, पण ताशी ३६ किलोमीटरवर ते अंतर जेमतेम सव्वा सेकंदाचे होते. पावसात ते दुप्पट ठेवायला कुणाची हरकत नसते.

शर्यतीनंतर सायकल तशीच ठेवली असेल तर आज वेळ काढा. सीटपोस्ट काढून फ्रेममधले पाणी ओता, ब्रेकच्या गट्टूंत रुतलेले वाळूचे आणि धातूचे कण टोकदार वस्तूने काढा, साखळी पुसून नव्याने तेल घाला. एका पावसाळी शर्यतीत गट्टू कित्येक आठवड्यांच्या सरावाइतके झिजू शकतात.

पुढच्या शर्यतीचे लक्ष्य किती ठेवावे, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही आधीच ठरवून ठेवावीत असे मला वाटते. रस्ता कोरडा असेल तर ५ तास ४५ मिनिटे हे लक्ष्य अजूनही तुमच्या आवाक्यात आहे. या शर्यतीने त्याच्या विरुद्ध काहीही सिद्ध केलेले नाही. असाच मार्ग आणि असेच हवामान असेल तर त्यात वळणांची आणि उतारांची सात, हवेची दोन, कपड्यांची तीन आणि ओल्या बुटांचे एक अशी १३ मिनिटे मिळवा. ५ तास ५८ मिनिटे. हा आकडा चिकटपट्टीवर लिहून सायकलच्या आडव्या नळीवर लावा आणि पाऊस आला तर पहिला आकडा झाकून टाका.